उन्हाचा हिशेब ठेवणारा माणूस

१ नोव्हेंबर १९४१. संध्याकाळचे पाच वाजायला दहाएक मिनिटं बाकी होती. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात सांता फे शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावरून एक मोटार चालली होती. आत तिघं जण. गाडी चालवणारा चाळिशीच्या उंबरठ्यावरचा वाकड्या नाकाचा माणूस, त्याचा आठ वर्षांचा मुलगा आणि एक जुना मित्र. दिवसभर हिंडून मनासारखं एकही छायाचित्र मिळालेलं नव्हतं. परतीच्या वाटेवर डावीकडे हर्नांडेझ नावाचं खेडं लागलं. मातीच्या भिंतींची थोडी घरं, एक लहानसं चर्च, शेजारी दफनभूमी. पलीकडे बर्फाच्या डोंगररांगा, त्यांच्यावर ढगांचा पांढरा पट्टा आणि त्याच्याही वर नुकता उगवलेला चंद्र. मावळतीचं तिरपं ऊन दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रूसांवर पडलं होतं आणि ते झपाट्याने सरकत होतं.

त्या माणसाने गाडी रस्त्याच्या कडेला जवळजवळ खड्ड्यातच घातली. मुलाला आणि मित्राला हाका मारत, हे आण, ते काढ असं ओरडत त्याने भलामोठा कॅमेरा तिकाटण्यावर चढवला. सगळं सापडलं, उजेड मोजायचं मीटर तेवढं सापडेना. मागे सूर्य ढगाआड जायच्या बेतात होता. तेवढ्यात त्याला आठवलं, की चंद्राचा उजेड किती असतो तो आकडा आपल्याला पाठ आहे: चौरस फुटाला अडीचशे कॅंडल. त्या एका आकड्यावरून त्याने मनातल्या मनात गणित मांडलं आणि एक छायाचित्र घेतलं. हाताशी आणखी एक असावं म्हणून प्लेट उलटी करेपर्यंत क्रूसांवरचं ऊन गेलं. दुसरं चित्र मिळालंच नाही.

'मूनराइज, हर्नांडेझ' या नावाने ते छायाचित्र जगभर गेलं. तो माणूस म्हणजे ॲन्सेल ॲडम्स. निसर्गाची छायाचित्रं म्हटली, की अमेरिकेत आजही पहिलं नाव त्याचं निघतं. या एका निगेटिव्हवरून त्याने हयातभरात हजाराच्या वर प्रिंट काढल्या. त्यातली एक १९८१ साली ७१ हजार ५०० डॉलरला विकली गेली तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली. २००६ साली दुसरी एक ६ लाख ९ हजार ६०० डॉलरला गेली. जन्मभर बँकेत आकडेमोड केलेल्या माझ्यासारख्या माणसाला पहिल्यांदा हेच आकडे दिसतात, हे खरं. पण हे आकडे बाजूला ठेवले, तरी एक प्रश्न उरतो. डोंगर, झाडं, चंद्र आणि बर्फ यांचीच छायाचित्रं आयुष्यभर काढणाऱ्या माणसाला एवढं मोठेपण कशामुळे मिळालं? आणि तो गेल्याला चार दशकं उलटल्यावर त्यातलं टिकाऊ किती ठरलं?

वाकडं नाक आणि बुडालेला धंदा

ॲन्सेलचा जन्म २० फेब्रुवारी १९०२ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये झाला. घर खाऊनपिऊन सुखी. आजोबांनी लाकडाच्या व्यापारात पैसा मिळवला होता. ॲन्सेल चार वर्षांचा असताना, १८ एप्रिल १९०६ रोजी, सॅन फ्रान्सिस्कोचा तो प्रसिद्ध भूकंप झाला. पहिल्या धक्क्यातून पोरगं सहीसलामत सुटलं, पण नंतरच्या एका हादऱ्याने ते बागेतल्या भिंतीवर आपटलं आणि नाक मोडलं. ते नाक जन्मभर वाकडंच राहिलं.

त्याच भूकंपानंतरच्या आगीत आणखी एका माणसाचं सगळं गेलं. त्याचं नाव कार्लटन वॉटकिन्स. हा म्हातारा एके काळचा नामांकित छायाचित्रकार. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी नावाच्या दरीची भव्य छायाचित्रं त्याने १८६१ साली, खेचरांच्या पाठीवर काचेच्या प्लेटा लादून नेऊन काढली होती. ती पूर्वेकडे पोचली, राजकारणी मंडळींनी पाहिली. १८६४ साली, यादवी युद्ध ऐन भरात असताना, अध्यक्ष लिंकन यांनी ती दरी राखून ठेवण्याच्या कायद्यावर सही केली, त्यामागे या छायाचित्रांचाही हात होता असं मानतात. पण वॉटकिन्सला व्यवहार जमला नाही. १८७० च्या दशकात मंदी आली, त्याची चित्रशाळा निगेटिव्हसकट देणेकऱ्यांच्या हाती गेली. त्याने नव्याने सुरुवात केली. उतारवयात दृष्टी गेली, आणि उरलंसुरलं १९०६ च्या आगीने खाल्लं. १९१६ साली तो मनोरुग्णांच्या इस्पितळात वारला. त्या वेळी त्याची आठवण फारशा कुणाला राहिली नव्हती.

आणि १९१६ च्याच उन्हाळ्यात चौदा वर्षांचा ॲन्सेल आईवडिलांबरोबर पहिल्यांदा योसेमिटीला गेला. वडिलांनी त्याच्या हातात कोडॅकचा एक साधा ब्राउनी डबा-कॅमेरा दिला. कथा-कादंबरीत मी असा योगायोग घातला असता, तर संपादकांनी तो कापून टाकला असता. एकाच वर्षी एक छायाचित्रकार विस्मृतीत गेला, आणि त्याच दरीत दुसऱ्याच्या हातात पहिला कॅमेरा आला.

मधल्या दहा वर्षांत ॲडम्सांच्या घरावरही दिवस फिरले होते. १९०७ च्या आर्थिक हाहाकारात लाकडाचा धंदा बुडाला. वडील चार्ल्स यांनी पळवाट शोधली नाही. नोकरी धरली आणि पुढची कित्येक वर्षं कर्ज फेडण्यात घातली. बँकेच्या नोकरीत कर्ज बुडवणाऱ्यांच्या गोष्टी खूप ऐकायला मिळतात. पण मान खाली घालून, हप्त्याहप्त्याने फेडत राहणारी माणसं संख्येने त्यांच्याहून कितीतरी जास्त असतात, आणि त्यांच्या घरातल्या मुलांवर त्या फेडीचा खोल ठसा उमटतो. ॲन्सेलच्या पुढच्या आयुष्यात दिसणारा कष्टाळूपणा आणि कुठलंही काम नाकारायची भीती, या दोन्हींचं मूळ मला तिथे दिसतं.

पोरगं शाळेत टिकेना. अतिशय चळवळ्या, एका जागी बसायचं नाव नाही. एकामागून एक शाळा झाल्या. अखेर बाराव्या वर्षी वडिलांनी त्याला शाळेतून काढून घरीच शिकवायला घेतलं. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, तेव्हा वडिलांनी त्याला वर्षभराचा पास काढून दिला आणि ती त्याची त्या वर्षाची शाळा ठरली. कर्जात बुडालेल्या बापाने मुलासाठी घेतलेला हा निर्णय मला फार मोठा वाटतो.

याच सुमारास ॲन्सेल पियानोकडे वळला. आधी आपलं आपण, मग शिक्षकांकडे. ज्या मुलाला पाच मिनिटं बसवत नव्हतं, तो आता तासन्‌तास एकेक स्वर घोटू लागला. मोठेपणी मैफलीत वाजवणारा पियानोवादक व्हायचं, हे त्याने ठरवून टाकलं. पण दर उन्हाळ्यात योसेमिटीची ओढ लागे. १९१९ साली तो सिएरा क्लब या डोंगरप्रेमींच्या संस्थेचा सभासद झाला आणि पुढची काही वर्षं उन्हाळ्यात तिथल्या एका स्मारक-भवनाची राखण करण्याचं काम त्याने केलं. दरीत पियानो कुठे मिळणार? तो मिळाला हॅरी बेस्ट नावाच्या चित्रकाराच्या दुकानात. या बेस्टला व्हर्जिनिया नावाची मुलगी होती. रियाजाला येणारा तरुण पुढे जावई झाला. १९२८ च्या जानेवारीत, योसेमिटीतच, दोघांचं लग्न लागलं.

शेवटची प्लेट

लग्नाच्या आदल्या वर्षीची, १० एप्रिल १९२७ ची गोष्ट. ॲन्सेल, व्हर्जिनिया आणि काही मित्र हाफ डोम या प्रचंड कातळासमोरच्या एका सुळक्यावर चढले. बर्फातून वाट काढायची, आणि पाठीवर जड कॅमेरा आणि काचेच्या बारा प्लेटा. वर पोचेपर्यंत बहुतेक प्लेटा संपल्या, उरल्या दोन. पहिल्या प्लेटवर त्याने नेहमीचा पिवळा फिल्टर लावून चित्र घेतलं. घेतल्याघेतल्या त्याच्या लक्षात आलं, की यात कातळ दिसेल, पण समोर उभं राहिल्यावर छातीत जे धस्स झालं ते यात येणार नाही. शेवटच्या प्लेटला त्याने गडद लाल फिल्टर लावला. आकाश जवळजवळ काळं झालं आणि त्या काळोखातून कातळ उभाच्या उभा अंगावर आला.

त्याच्या दृष्टीने त्या दिवशी सगळं बदललं. चित्र कॅमेऱ्याने घ्यायच्या आधी मनात पूर्ण दिसलं पाहिजे, आणि मग त्या मनातल्या चित्रापर्यंत पोचायला लागेल ते तंत्र वापरायचं, हा त्याचा पुढच्या आयुष्याचा धडा झाला. तोवर छायाचित्रकार मंडळी आपली चित्रं रंगचित्रांसारखी दिसावीत म्हणून मुद्दाम धूसर करत. १९३२ साली ॲडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम आदी मंडळींनी मिळून एक गट काढला आणि त्याला कॅमेऱ्याच्या सगळ्यांत बारीक छिद्राच्या आकड्यावरून 'एफ चौसष्ट' असं नाव दिलं. बारीक छिद्रातून घेतलेलं चित्र जवळच्या गवतापासून दूरच्या शिखरापर्यंत लख्ख येतं. छायाचित्राने छायाचित्रासारखं असावं, उगाच दुसऱ्या कलेचे कपडे घालू नयेत, एवढंच त्यांचं म्हणणं.

पियानो मागे पडला, पण त्याची शिस्त सुटली नाही. १९४० च्या सुमाराला लॉस एंजेलिसमधल्या एका कला विद्यालयात शिकवताना ॲडम्सने फ्रेड आर्चर या सहकाऱ्याबरोबर एक पद्धत बसवली. निखळ काळ्यापासून निखळ पांढऱ्यापर्यंत उजेडाच्या अकरा पायऱ्या, शून्य ते दहा. समोरच्या देखाव्यातला कुठला भाग कुठल्या पायरीवर बसवायचा ते आधी ठरवायचं आणि त्याप्रमाणे फिल्मला किती उजेड द्यायचा, ती रसायनात किती वेळ धुवायची, याचा हिशेब करायचा. ही 'झोन सिस्टिम' जगभरच्या छायाचित्रण शाळांतून शिकवली गेली. स्वरांची सप्तकं घोटलेल्या माणसालाच उजेडाची अशी सरगम सुचू शकते. खर्ज कुठला, तार कुठला, हे ठरल्याशिवाय तो कॅमेऱ्याला हात लावत नसे.

निगेटिव्ह म्हणजे संगीतकाराने लिहून ठेवलेली स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे मैफल, असं तो सांगत असे. आपल्याकडे हे समजावून सांगावं लागत नाही. बंदिश तीच, पण गवई तिशीत जसा गातो तसा सत्तरीत गात नाही. 'मूनराइज'च्या सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाश करडं आहे, त्यात फिकट ढगांच्या रेघा दिसतात. १९४८ साली त्याने त्या निगेटिव्हचा खालचा भाग रसायनाने उठावदार करून घेतला. पुढे वर्षागणिक आकाश काळं होत गेलं, ढग विरले, आणि १९७० च्या दशकातल्या प्रिंटमध्ये चंद्र जणू काळ्या मखमलीवर ठेवलेला दिसतो. यातलं खरं कुठलं, असा वाद विकत घेणारे घालत बसतात. मैफलीला जाणारा असा वाद घालणार नाही.

गंमत म्हणजे उजेडाचा एवढा काटेकोर हिशेब ठेवणाऱ्या या माणसाने तारखांचा हिशेब कधीच ठेवला नाही. 'मूनराइज'चं साल तो कधी १९४१ सांगे, कधी १९४४. शेवटी खगोलशास्त्राच्या अभ्यासकांनी चित्रातल्या चंद्राच्या जागेवरून गणित केलं. पहिलं उत्तर थोडं चुकलं होतं. ते १९९१ साली दुरुस्त झालं, आणि दिवसच काय, वेळही निघाली: चार वाजून एकोणपन्नास मिनिटं. वडील चार्ल्स स्वतः हौशी आकाशनिरीक्षक होते, खगोल संस्थेचं चिटणीसपद त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं होतं. मुलाच्या चित्राची तारीख आकाशानेच लावून दिलेली पाहून ते सुखावले असते.

डोंगर वाचवणारी चित्रं

सुंदर चित्रं काढणारे पुष्कळ असतात. ॲडम्सचं मोठेपण नुसतं तेवढ्यावर उभं नाही. १९३४ साली तो सिएरा क्लबच्या संचालक मंडळावर निवडून आला आणि तिथे सदतीस वर्षं राहिला. त्याच्या आधी त्या मंडळावर व्हर्जिनिया होती, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. मुलगा झाल्यावर तिने जागा सोडली आणि नवरा आला. पुढे वडिलांच्या मागे दुकान तिने चालवलं, घर तिने चालवलं, आणि नवरा महिनोन्‌महिने डोंगरात आणि डार्करूममध्ये राहिला. १९३३ साली मायकेलचा जन्म झाला त्या वेळीही ॲन्सेल क्लबच्या मंडळींबरोबर डोंगरातच होता. १९३० च्या दशकात त्याचं मन एका तरुण सहायिकेकडेही ओढ घेऊन गेलं होतं. संसार मोडला नाही, याचं श्रेय चरित्रकार बहुतांशी व्हर्जिनियाला देतात. तिच्या त्या दुकानालाच पुढे 'ॲन्सेल ॲडम्स गॅलरी' हे नाव मिळालं. नाव त्याचं लागलं, गल्ला वर्षानुवर्षं तिने सांभाळला.

१९३६ साली क्लबने त्याला छायाचित्रांचा गठ्ठा देऊन वॉशिंग्टनला पाठवलं. किंग्ज कॅनियनचा डोंगराळ प्रदेश राष्ट्रीय उद्यान व्हावा, ही मागणी. हा माणूस वकील नाही, पुढारी नाही. खासदारांपुढे चित्रं मांडून बोलला. त्या वर्षी काही घडलं नाही. १९३८ साली त्याने सिएरा नेवाडा पर्वताच्या छायाचित्रांचं मोठं पुस्तक काढलं. ते गृहखात्याचे मंत्री हॅरॉल्ड इक्स यांच्याकडे गेलं आणि त्यांच्यामार्फत अध्यक्ष रूझवेल्ट यांच्याकडे. १९४० साली किंग्ज कॅनियन राष्ट्रीय उद्यान झालं. एकट्या पुस्तकाने ते केलं, असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. वर्षानुवर्षं झटणारी माणसं मागे होती. पण जो डोंगर कधी पाहिलेला नाही, त्याच्यासाठी हात वर करायचा तर तो डोंगर डोळ्यांपुढे असावा लागतो. ते काम या चित्रांनी केलं.

या डोंगर वाचवण्याच्या कामातही तो सगळ्यांना प्रिय होता असं नाही. १९६९ च्या सुमारास क्लबचे धडाडीचे कार्यकारी प्रमुख डेव्हिड ब्राउअर यांना पद सोडावं लागलं, त्यात त्यांचा जुना स्नेही ॲडम्स विरुद्ध बाजूला होता. ब्राउअर संस्थेचा पैसा बेहिशेबी खर्च करतात, हा त्याचा एक आक्षेप. इथेही चार्ल्स ॲडम्सचा मुलगा दिसतो.

कुंपण न दिसणारी छावणी

त्याच्यावर सगळ्यांत टोचणारी टीका कुठली झाली असेल, तर ती दगडधोंड्यांचा छायाचित्रकार ही. १९३० च्या दशकात जग मंदीत होरपळत होतं, युरोपात युद्धाचे ढग जमले होते, अशा वेळी हा आणि वेस्टन कातळ काय टिपत बसलेत, अशा अर्थाचं काहीतरी कार्तिए-ब्रेसाँ म्हणाल्याचं सांगतात.

उत्तर म्हणा किंवा अस्वस्थता म्हणा, १९४३ साली तो मॅन्झनार इथे गेला. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर अमेरिकेने आपल्याच देशातल्या सव्वा लाखाच्या आसपास जपानी वंशाच्या माणसांना घरादारांतून उचलून छावण्यांत टाकलं होतं. त्यातले बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक. सिएराच्या पायथ्याशी वाळवंटात दहा हजार माणसांची मॅन्झनारची छावणी होती. ॲडम्सने तिथे शेतात राबणारी माणसं टिपली, शाळा, वर्तमानपत्राची कचेरी, आणि चेहरे. जवळून घेतलेले, ताठ मानेचे, हसरे चेहरे. ही माणसं तुमच्याआमच्यासारखीच निष्ठावान नागरिक आहेत, हे त्याला सांगायचं होतं. १९४४ साली, युद्ध चालू असताना, त्याचं पुस्तक आणि न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शन निघालं. लोक संतापले. तेव्हा तो शत्रूचा पक्ष घेतोय म्हणून दोषी ठरला.

आणि पुढच्या पिढीने त्याला उलट दोष दिला. काटेरी तारा आणि पहाऱ्याचे मनोरे दाखवायला बंदी होती, हे खरं. पण त्याने छावणी इतकी स्वच्छ, इतकी उजळ टिपली, की तिथला अन्याय झाकला गेला, असं त्यांचं म्हणणं. डोरोथिया लँग हिने त्याच जागी काढलेली चित्रं शेजारी ठेवली, की धूळ दिसते, रांगा दिसतात, थकलेली पोरं दिसतात. तिची बहुतेक चित्रं सरकारने तेव्हा दाबून ठेवली. मला दोन्ही आक्षेपांत तथ्य दिसतं. ॲडम्सचा स्वभाव उजेडाकडे बघायचा होता. जिथे काळोख हाच विषय होता, तिथे तो स्वभाव अपुरा पडला. पण त्या संतापाच्या काळात हे काम अंगावर घेणारे किती होते, हेही मोजायला हवं. १९६५ साली त्याने ही सगळी चित्रं काँग्रेसच्या ग्रंथालयाला देऊन टाकली. देशावर एवढ्या चढ्या भावाने विकला जाणारा छायाचित्रकार या कामाचा पैसा करायला राजी नव्हता.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. त्याच्या योसेमिटीत माणूस नाही. जणू सृष्टीच्या पहिल्या दिवसापासून ती दरी तशीच निर्मनुष्य होती. वास्तविक तिथे आवानीची लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. १८५१ साली सशस्त्र टोळीने त्यांना हुसकलं. त्यांच्यातले काही परत आले, त्यांची शेवटची वस्ती उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी १९६९ साली पाडली. ॲडम्स त्या दरीत वर्षानुवर्षं राहिला, आणि त्याच्या गाजलेल्या चित्रांत त्यांचा मागमूस नाही. १९७५ साली न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टर इथे नव्या छायाचित्रकारांचं एक प्रदर्शन भरलं. त्यात होती गोदामं, गाड्या लावायच्या जागा, एकसारखी घरं. आमच्या वाट्याला आलेली भूमी ही अशी आहे, हे ते ॲडम्सच्या पिढीला सांगत होते. स्वतः ॲडम्सनेही खाडाखोड केली होती. १९४४ साली लोन पाइन गावाजवळ घेतलेल्या पहाटेच्या चित्रात टेकडीवर शाळेच्या मुलांनी पांढऱ्या दगडांनी काढलेली गावाच्या नावाची दोन अक्षरं होती. ती त्याने चित्रातून काढून टाकली. डोंगरावरचा ओरखडा अजरामर करायला मी बांधलेला नाही, अशी त्याची भूमिका.

डबा, कॅलेंडर आणि पंचेचाळीस डॉलर

एवढं नाव असूनही पैसा फार उशिरा आला. साठी उलटेपर्यंत तो कंपन्यांची कामं करून घर चालवत होता. १९४९ पासून पोलरॉइड कंपनीचा तो सल्लागार होता. १९६९ साली त्याचं योसेमिटीचं हिवाळी चित्र कॉफीच्या डब्यावर छापलं गेलं, १९७३ साली एका जपानी मोटारीच्या जाहिरातीत तो दिसला. गाडी चालवून पाहणाऱ्या प्रत्येकामागे एक झाड लावण्याचं त्या कंपनीचं वचन होतं. लोक हसले. कर्जदार बापाच्या मुलाला बहुधा हसू आलं नसेल.

मग १९७५ साली एका नव्या व्यवस्थापकाच्या सल्ल्याने त्याने जाहीर केलं, की या वर्षाअखेरनंतर प्रिंटची मागणी घेणार नाही. डिसेंबर संपेपर्यंत तीन हजारांवर मागण्या आल्या. ज्याची आवक थांबते त्याचा भाव चढतो, हे बाजाराचं साधं तत्त्व. सत्तरी ओलांडलेला म्हातारा पुढची तीन वर्षं डार्करूममध्ये उभा राहून त्या मागण्या पुऱ्या करत होता. एकेका प्रिंटसाठी तेच हातवारे, तीच सावली-उजेडाची कसरत. शब्द दिला होता. फेड करायची होती. १९७९ साली 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तो झळकला, १९८० साली अध्यक्ष कार्टर यांनी देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला.

२२ एप्रिल १९८४ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्याचं हृदयविकाराने निधन झालं. तो दिवस नेमका वसुंधरा दिनाचा होता. त्याच वर्षी सिएरातल्या एका मोठ्या रानाला आणि वर्षभराने एका ११,७६० फुटी शिखराला त्याचं नाव दिलं गेलं.

मरणानंतर नाव बाजारात कसं फिरतं, याचीही एक गोष्ट आहे. फ्रेस्नो गावातल्या एकाने २००० साली जुन्या वस्तूंच्या विक्रीत काचेच्या निगेटिव्ह भरलेली दोन खोकी पंचेचाळीस डॉलरला घेतली. तीही घासाघीस करून. योसेमिटीची दृश्यं पाहून त्याला वाटलं, या ॲडम्सच्या असाव्यात. २०१० साली त्याच्या बाजूच्या मंडळींनी जाहीर केलं, की यांची किंमत वीस कोटी डॉलर. ॲडम्सच्या विश्वस्तांनी ते साफ नाकारलं. एका बाईंनी आपल्या काकांकडे यांतलंच एक चित्र असल्याचं सांगितलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०११ साली तडजोड झाली: निगेटिव्ह विका, पण ॲडम्सचं नाव लावू नका. त्याच काचा, तीच दरी, तेच पाइन वृक्ष. नाव लागलं तर वीस कोटी, नाव उतरलं तर रद्दी. बँकेत तारणाच्या मूल्यांकनाचे अनेक अहवाल मी वाचले, पण सहीची किंमत इतक्या लख्ख आकड्यांत मांडलेला दुसरा दाखला मला ठाऊक नाही. पुढे २०२० साली त्याच्या टेटॉन पर्वताच्या एका मोठ्या प्रिंटला ९ लाख ८८ हजार डॉलर मिळाले.

मात्र त्याच्या चित्रांनी केलेलं एक नुकसानही जमेस धरायला हवं. १९१६ साली, तो पहिल्यांदा गेला तेव्हा, योसेमिटीला वर्षभरात तेहतीस हजारांच्या आसपास माणसं गेली होती. २०१६ साली पन्नास लाखांवर गेली. मोटारींच्या रांगा लागतात, आणि त्याने जिथून चित्रं घेतली तिथे उभं राहून तेच चित्र आपल्या मोबाइलमध्ये घ्यायला गर्दी होते. १९८४ पासून त्याची कॅलेंडरं दरवर्षी निघू लागली आणि भिंतीभिंतीवर गेली. कॅलेंडरवरच्या चित्राचं नशीब आपल्याला ठाऊक आहे: नजर तारखेवर जाते, चित्र राहून जातं. अतिपरिचयाने त्याचा हाफ डोम आपल्याला दिसेनासा झाला, आणि दरी माणसांनी भरली.

तरीही ज्या वॉटकिन्सची वाट पुढे त्याने चालली, त्याच्या जमाखर्चाशी हा जमाखर्च ताडून बघावा. वॉटकिन्सच्या निगेटिव्ह देणेकऱ्यांनी नेल्या आणि उरलेल्या आगीने. ॲडम्सचीही डार्करूम १९३७ साली पेटली होती, बऱ्याच निगेटिव्ह जळाल्या होत्या. तो त्यातून शिकला. १९७५ साली त्याच्या पुढाकाराने ॲरिझोना विद्यापीठात, टुसॉन इथे, छायाचित्रांचं संग्रहालय उभं राहिलं आणि त्याच्या निगेटिव्ह, कागदपत्रं, पत्रव्यवहार तिथे सुरक्षित आहेत. त्यात इतर कित्येक छायाचित्रकारांचंही काम आहे. वॉटकिन्सची जुनी चित्रंही पुढे अभ्यासकांनी शोधून गोळा केली, त्यांना त्यांचा मान मिळाला. छायाचित्राला कला म्हणून जपायचं असतं, हे संग्रहालयांच्या गळी उतरवणाऱ्यांत ॲडम्स होता. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात १९४० साली छायाचित्रण विभाग सुरू झाला, तेव्हा तो उभारणाऱ्या तिघांत तो एक होता.

१९७७ साली अंतराळात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवर पृथ्वीची ओळख सांगणारी एक सोनेरी तबकडी आहे. तिच्यावरच्या शंभराहून अधिक चित्रांत स्नेक नदी आणि टेटॉन पर्वताचं ॲडम्सने १९४२ साली घेतलेलं छायाचित्र आहे. त्या वळणदार नदीच्या काठी तेव्हा जशी झाडं होती, तशी ती तिथे आज नाहीत. पुढची झाडं उंच वाढली आणि त्याच जागेवरून नदीचं वळण आता पूर्वीसारखं दिसत नाही, अशी तिथे जाणाऱ्यांची तक्रार असते. झाडं वाढून चित्र झाकलं गेलं, ही तक्रार ऐकून ॲन्सेल ॲडम्सला वाईट वाटलं नसतं. झाडं वाढू द्यावीत यासाठीच तर त्याने ते चित्र काढलं होतं.